जन्मभराचा उपास

त्या वर्षी माझ्या अंगात रक्त कमी होतं. रक्त कमी असलं की जग मऊ दिसतं. भिंतींच्या कडा विरघळतात, आवाज पोचायला वेळ लागतो, आणि पाय टेकवला की जमीन किंचित खाली जाते. मरोळच्या चाळीतल्या आमच्या दोन खोल्यांत खिडकीखाली एक खाट होती, तिच्यावर मी पडून असे. खिडकीतून गावठाणातली कौलं दिसत, त्यापलीकडे विहीर, विहिरीजवळ चुन्याने रंगवलेला क्रूस, आणि मागे औद्योगिक वसाहतीतल्या शेडची पत्र्याची छपरं. पहाटे गावठाणातल्या बेकरीतून पावाचा वास येई. तो खोलीत शिरला की मला वाटे, कुणीतरी हलक्या पावलांनी आत येऊन खाटेच्या पायथ्याशी बसलं आहे आणि मी जागी व्हायची वाट पाहतं आहे.

ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. मी एका मराठी दैनिकात उपसंपादक होते आणि दीर्घ रजेवर होते. नवरा वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर होता. सासरे गिरणी कामगार. संपानंतर परळची खोली सोडून घर इकडे आलं, आणि पुढे लवकरच सासरे गेले. घरात आम्ही तिघं उरलो: नवरा, मी आणि सासूबाई.

आजाराची हकिगत थोडक्यात अशी. पोट सतत बिघडत होतं, वजन उतरत होतं, केस कंगव्यात येत होते. बरेच डॉक्टर झाल्यावर शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात तोंडावाटे नळी घालून आतड्याचा कण काढण्यात आला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की गव्हात ग्लूटेन नावाचा एक चिकट भाग असतो आणि काही जणांच्या आतड्याला तो सोसत नाही. गहू, रवा, मैदा, सातू बंद. नवऱ्याने विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, जन्मभर.

त्यांची स्वतःची मात्र पुरती खात्री नव्हती. हा आजार त्यांनी उत्तरेकडच्या, पोळ्यांवर वाढलेल्या मुलांत पाहिला होता. कोकणातल्या, भात खाणाऱ्या घरातल्या बाईत नाही. म्हणून त्यांनी मुदत घातली.

“दिवाळीपर्यंत पाळा. रक्त वाढलं तर माझं निदान बरोबर. नाही वाढलं तर आतड्याचा क्षय असेल, किंवा त्याहून वाईट काही. मग पोट उघडून बघावं लागेल.”

“एवढ्या कमी रक्तात?” नवऱ्याने विचारलं.

“म्हणून तर दिवाळीपर्यंत थांबतोय,” डॉक्टर म्हणाले.

इस्पितळातून परत येताना बसच्या खिडकीबाहेरचं शहर पाण्याखालून पाहावं तसं हलत होतं. मला भीती वाटल्याचं आठवत नाही. भीती वाटायला थोडी ताकद लागते. नवरा मात्र घरी पोचेपर्यंत इस्पितळाचा कागद पुन्हा पुन्हा उघडून वाचत होता.

सासूबाईंना हे सगळं सोपं वाटलं. त्या रत्नागिरीकडच्या. “चपाती नको ना? मग भात खाईल. आपण काय पंजाबी आहोत?” पण तवा एकच होता, पोळपाट-लाटणं एकच होतं, आणि लग्नापासून आमच्या दोघांच्या डब्यासाठी त्या रोज चपात्या करत आल्या होत्या. नवऱ्याच्या डब्याच्या चपात्या झाल्यावर त्याच तव्यावर माझी तांदळाची भाकरी पडत होती.

“आई, कणभर पीठसुद्धा नको म्हणालेत,” नवरा म्हणाला.

“कणभरानं काय होतंय? वाऱ्यानं उडतं तेवढं.”

“मशीनमध्ये कणभर वाळू गेली तरी बेअरिंग जातं.”

“ती काय मशीन हाय रे? बायको हाय तुझी.”

हे दोन-तीनदा झालं. मी खाटेवरून ऐकत होते. आवाज दोघांचेही प्रेमाचे होते आणि दोघंही एकमेकांना मूर्ख समजत होती. मग एका सकाळी सासूबाई तवा घासताना मध्येच थांबल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “म्हणजे उपासाला कसं असतं? चमचासुद्धा दुसरा घेतो, तसं?”

मी म्हटलं, “हो, तसंच.”

“मग असं बोला ना. ग्लू-फ्लू काय लावलंय.”

त्या दिवशी माझा तवा वेगळा झाला. फळीवर माझी जागा वेगळी, तेलाची वाटी वेगळी, फडकंसुद्धा वेगळं. एकादशीच्या भगरीच्या भांड्याला जो मान असतो तो माझ्या भांड्याला मिळाला. जे वैद्यकशास्त्राला जमलं नव्हतं ते एका शब्दाने झालं. चाळीतही त्याच शब्दाने बातमी गेली: तिचा जन्मभराचा उपास आहे.

बातमी पसरताना बदलते, हे मला धंद्यामुळे ठाऊक होतं. ही आठवड्याच्या आत बदलली. मी भिंतीचा आधार घेत नळावर गेले तेव्हा मला पुढे घ्यायला बायकांनी बादल्या मागे सरकवल्या.

“कुणाचं व्रत गं?” एकीने विचारलं.

“डॉक्टरांचं.”

“पावला तर सांग हो. आमच्या ह्यांच्या दम्यासाठी मीपण धरते.”

दुसरी म्हणाली, “सोळा सोमवार ऐकले होते. हे सगळेच वार? देवालाही जरा दम खाऊ दे, बाई.”

हसणं माझ्यापर्यंत सावकाश आलं, दुरून देवळातली घंटा ऐकू यावी तसं. पण त्या दिवसापासून ज्या घरात ज्या वारी उपास असेल त्या घरातून वाटी येऊ लागली. सोमवारवाल्या घराची साबुदाण्याची खिचडी, गुरुवारवाल्या घराची भगर आणि दाण्याची आमटी, शनिवारवालीकडून राजगिऱ्याची लापशी. माझ्यासाठी कुणी मुद्दाम काही केलं असं नव्हे. उपासाचा टोप चुलीवर होताच, त्यात एक मूठ जास्त पडत होती. काही बायकांना खरं काय ते कळलं, काहींना शेवटपर्यंत कळलं नाही. वाटी मात्र दोघींचीही तेवढीच गरम असे.

मला त्या दिवसांत गव्हाची स्वप्नं पडत. गहू मी शेतात कधी पाहिला नव्हता. माझं माहेरही भाताच्या मुलखातलं. म्हणून स्वप्नातला गहू भातासारखा घोटाभर पाण्यात उभा असे. मी त्यातून चालत जाई, लोंब्या कमरेला लागत, पाणी कोमट असे, आणि कुठेतरी लांब कुणीतरी चपातीवर तूप सोडत असे. चरचर ऐकू येई, दिसत काही नसे. जाग आली की बेकरीचा वास खोलीत असे, आणि स्वप्न कुठे संपलं ते नीट सांगता येत नसे.

एवढं करूनही पोट बिघडायचं थांबत नव्हतं. मधले काही दिवस बरे जात, मग पुन्हा तेच. ज्या दिवशी जास्त त्रास होई त्या दिवशी सासूबाई वरच्या फळीवरून चिनी मातीची बरणी उतरवत. तिच्यात मेतकूट असे. लग्नाआधी त्या दादरच्या एका घरी स्वयंपाकाला जात, तिथे त्या ते शिकल्या होत्या. दरवर्षी मसाल्याबरोबर मेमध्ये करत. घरात कुणी आजारी पडलं की मऊ भात, तूप आणि मेतकूट, यापलीकडे औषध नाही, यावर त्यांचा विश्वास होता. माझाही होता. माझ्या आईनेही मला आजारपणात दुसरं काही दिलं नव्हतं. त्या भात कालवत, मीठ चाखून बघत, आणि ताटली माझ्या मांडीवर ठेवून मी संपवेपर्यंत समोर बसत. पिवळा, उष्ण, हळदीचा वास असलेला तो भात खाताना मला लहान झाल्यासारखं वाटे. मी सगळा खाई. दुसऱ्या दिवशी पोट आणखी बिघडे. मग पुन्हा मेतकूट-भात.

श्रावणात डॉक्टरांनी रक्त तपासलं. आकडा होता तिथेच होता. किंचित खालीच.

“काही खाल्लंत का बाहेरचं?”

“नाही.”

“चुकून?”

“नाही.”

त्यांनी कागद उलटा करून टेबलावर ठेवला. “दिवाळी म्हणालो होतो. दिवाळीच धरू. पण ऑपरेशनची तयारी मनाने करून ठेवा. दोन माणसं रक्त द्यायला लागतील.”

नवरा त्या संध्याकाळी कारखान्यात विचारून आला. रक्त द्यायला पाच जण तयार झाले होते. त्याने हे जेवताना सांगितलं. सासूबाईंनी त्याच्या ताटात दोनदा आमटी वाढली.

त्यानंतरच्या रविवारी गावठाणातली आंटी आली. आमच्या खिडकीसमोरच्या कौलारू घरात ती राहायची. मराठी बोलणारी ख्रिस्ती, घर तिच्या पणजोबांनी बांधलेलं, नवरा एकेकाळी भातशेती करायचा, आता विमानतळावर सामान उचलायला जायचा. तिची आणि सासूबाईंची विहिरीच्या कठड्यावर दोस्ती झाली होती. इकडून कोकम जाई, तिकडून सुके बोंबील येत, आणि दोघी एकमेकींच्या स्वयंपाकाला नावं ठेवत. प्रार्थनेहून आलेली आंटी चांगल्या झग्यातच होती. हातात दोन भांडी.

“ह्यो भाकऱ्या तुझ्या, पोरी. तांदळाचं पीठ उकळत्या पाण्यात मळलंय, हातावर थापल्यान. माझं घरचं जातं, गहू त्याच्यावर कधी गेला नाय.” मग दुसरं भांडं तिने माझ्यापासून लांब, सासूबाईंच्या हातात दिलं. “ह्यो कालवण तुमच्या दोघांला. तिला नाय.”

“मला का नाही, आंटी?”

“आमच्या मसाल्यान गहू हाय. भाजून कुटतो. तुझा उपास मोडंल.”

सासूबाई हसल्या. “मसाल्यात गहू? हे काय गो नवीन?”

“नवीन कसलं? माझ्या आजीच्या आजीपासून हाय. कालवण कसं दाट येतं.”

“आमच्यात असलं काय नाय बाई. आम्ही मसाल्यात मसालाच घालतो.”

“म्हणून तुमचं कालवण पाणी पाणी,” आंटी म्हणाली आणि झगा सावरत निघून गेली.

भाकरी पांढरी होती, कडेला किंचित वाफाळलेली. मी अर्धी खाल्ली. दुपारी पोटात पुन्हा पीळ पडू लागला. आदल्या दिवसाचंच ते उरलेलं दुखणं होतं. सासूबाईंनी भात मऊ शिजवला, बरणी उतरवली. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं. चमच्यातून पिवळी पूड भातावर पडताना उन्हात तिचे कण तरंगलेले दिसले. मी ते बराच वेळ बघत होते. मला कसला संशय आला असं म्हणता येणार नाही. बातमीत एखादी गोष्ट राहिली असेल तर उपसंपादक विचारतो, तसं मी विचारलं.

“मेतकुटात काय काय असतं हो?”

सासूबाई खूश झाल्या. स्वयंपाकातलं मी कधी काही विचारत नसे. त्या चमचा हलवत, तालात सांगू लागल्या. “हरभऱ्याची डाळ. तिच्या निम्मे तांदूळ. उडदाची डाळ त्याच्याही निम्मी. मूठभर गहू. धणे, जिरे. मेथ्या थोड्या, नायतर कडू होतं. मोहरी. सुंठ, हळद, हिंग. सगळं वेगवेगळं भाजायचं, एकत्र भाजलं की करपतं, आणि बारीक दळून वस्त्रगाळ...”

यादी शेवटपर्यंत झाली. मग त्यांचा हात थांबला. चमचा भातावर तसाच धरलेला होता आणि त्यातली पूड अजून सावकाश खाली पडत होती.

बाहेर विहिरीवर कुणीतरी पाणी शेंदत होतं. त्यांनी ताटली उचलली. ती मोरीत नेली नाही, टाकलीही नाही. ओट्यावर झाकून ठेवली आणि तिच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

मग मी हिंगाची डबी मागितली. डबीवर बारीक अक्षरांत काय काय घातलं आहे ते छापलेलं होतं, आणि त्यात गव्हाचं पीठ होतं. आमच्या घरात वरणाला हिंग रोज पडत होता. उपासाच्या पदार्थांना मात्र तो चालत नव्हता. म्हणूनच वाट्यांवर काढलेले दिवस बरे जात होते.

दोन दिवस सासूबाई माझ्याशी कामापुरतं बोलल्या. भात वाढत, पण समोर बसत नसत. बरणी त्यांनी आंटीकडे पोचवली. तिला मेतकूट भातावर आवडलं नाही, तिने ते बोंबील घोळवायला वापरलं असं नंतर कळलं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या माझे केस विंचरायला बसल्या. केस विरळ झाल्यामुळे कंगवा हलक्या हाताने चालवावा लागे.

“पोट फाडलं असतं त्यांनी तुझं,” त्या मागून म्हणाल्या. “माझ्या मेतकुटापायी.”

“आता नाही फाडणार.”

“ते डॉक्टर म्हणतील तेव्हा.”

कंगवा पुन्हा चालू लागला. मला झोप येत होती. त्यांच्या गुडघ्याला टेकून मी तशीच झोपले, आणि त्यांनी पाय हलवला नाही. जाग आली तेव्हा दिवे लागले होते आणि त्या तशाच बसलेल्या होत्या.

त्यानंतर त्यांच्या स्वभावात एक बदल झाला. आधी त्या विचारत नसत, आता सगळ्यांना विचारू लागल्या. गुरुवारवालीची वाटी आली की, “शेंगदाणे कुठे भाजलेस? त्या कढईत काल काय केलं होतंस?” लोकांना राग येईल असं मला वाटे. आला नाही. उपासाच्या बाबतीत एवढी चौकशी आपल्याकडे कुणाला जास्त वाटत नाही. उलट बायका आपणहून सांगू लागल्या. एकीने फरसाणवाल्याकडे जाऊन त्याच्या शेवेत नुसतं बेसन आहे की नाही ते विचारलं, त्याने उडवाउडवी केल्यावर शेव घेतलीच नाही, आणि तसा निरोप आणून दिला. गणपतीत मोदक आले. ते उकडीचेच होते, त्यामुळे प्रश्न नव्हता. तरी ज्या घरचे होते त्या घरच्या काकू स्वतः आल्या आणि पीठ धुतलेल्या तांदळाचं, गहू दळणाऱ्या गिरणीत न नेता घरी मिक्सरवर काढल्याचं माझ्यासमोर सांगून गेल्या. मी गणपतीच्या पाया पडायला त्यांच्या दारापर्यंत चालत गेले. जिना उतरताना मध्ये दोनदा बसले. येताना एकदाच.

दिवाळीत चाळीत सगळीकडे शंकरपाळ्या तळल्या जात होत्या. तो वास जिन्यात भरून राहिला होता. सासूबाईंनी त्या वर्षी घरात मैदा आणला नाही. नवऱ्याने विचारलं, “आई, करंज्या?” तर म्हणाल्या, “लाडू खा की बेसनाचे. दात पडलेत का तुझे?”

दिवाळी झाल्यावर इस्पितळात जायच्या दिवशी त्या पहिल्यांदाच बरोबर आल्या. नवऱ्याला त्यांनी कामावर पाठवलं. नळी नको असेल तर आधी रक्त बघू, असं डॉक्टर म्हणाले होते. रक्त देऊन आम्ही बाकावर बसलो. समोरच्या भिंतीवर उन्हाचा एक चौकोन होता, तो हळूहळू सरकत दारापर्यंत गेला. सासूबाई मांडीवर पिशवी घेऊन ताठ बसल्या होत्या. पिशवीत माझ्यासाठी दोन साड्या आणि टॉवेल होता. ठेवून घेतलं तर असावा म्हणून. हे मला तिथे बसल्यावर कळलं.

आत बोलावल्यावर डॉक्टरांनी कागद वाचला, मग पुढे वाकून माझी पापणी खाली ओढून बघितली, आणि कागद पुन्हा वाचला.

“वाढलंय,” ते म्हणाले. “चांगलं वाढलंय. श्रावणानंतर काय बदललंत?”

मी सांगणार होते. सासूबाईंनी आधी सांगितलं. “मेतकूट. मी देत होते. त्यात गहू असतो.”

“मेतकुटात?” डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “आमच्याकडे आजारपणात तेच असायचं.” मग पेन पुन्हा उचलून म्हणाले, “हे मी आणखी किती पेशंटांना विचारलेलं नाही, कोण जाणे.”

“उघडणार नाही ना?” सासूबाईंनी विचारलं.

“काय?”

“पोट.”

“नाही, आजी. गरज नाही.”

सासूबाईंनी मान हलवली आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली. इस्पितळाच्या पायऱ्या उतरताना त्या माझ्या पुढे होत्या. चाळीच्या जिन्यावर नेहमी मागे असत, मी पडेन म्हणून.

रस्त्यापलीकडे एक उडुपी हॉटेल होतं. सासूबाई हॉटेलात खात नसत. त्या दिवशी सरळ आत शिरल्या आणि पंख्याखालचं टेबल धरून बसल्या. आत काचेच्या ग्लासांचा आणि बशांचा आवाज होता, तो नेहमीसारखा लांबून येत नव्हता. टेबलावरचं पाणी कुणीतरी पुसून गेलं. संगमरवराचा गारवा मला तळहाताला लागला.

“इडली कशाची?” त्यांनी वेटरला विचारलं.

“इडलीची.”

“तांदळाची की रव्याची, रे?”

“तांदळाची, आजी.”

“सांबारात हिंग?”

“तो असतोच.”

“मग सांबार नको. चटणी?”

“वरून फोडणी आहे.”

“फोडणीत हिंग?”

वेटरने माझ्याकडे पाहिलं. “आजी, हॉटेल माझं नाही.”

“ज्याचं आहे त्याला विचारून ये.”

तो विचारून आला. फोडणीतही होता. मग नुसती इडली आणि लोणी आलं. सासूबाईंनी इडली मोडून वास घेतला, बोटांत चुरून बघितली, आणि बशी माझ्यापुढे सरकवली. मी खाल्ली. लोणी वितळून बशीत पसरलं होतं, तेही बोटाने पुसून घेतलं. लग्न होऊन सासरी आल्यापासून मी जेवताना कधी काही मागून घेतलं नव्हतं. वाढतील ते खायचं, आणि अलीकडे तर वाढलेलंही उरायचं.

“आणखी एक प्लेट,” मी म्हटलं.

वेटर निघाला. सासूबाई पंख्याच्या आवाजावर आवाज चढवून त्याच्या पाठीमागून म्हणाल्या, “दोन आण रे. आणि लवकर आण, भूक लागलीय तिला.”